मागच्या चाकांचे बाण

माणूस भेटला की लोक आधी त्याचा चेहरा बघतात. काही जण चपला बघतात. नख्या टायर बघायचा. दारात गाडी थांबली आणि त्यातून सख्खा मेहुणा उतरला, तरी त्याला 'या' म्हणायच्या आधी हा गाडीपाशी उकिडवा बसायचा आणि टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख रोवायचा. नख किती आत जातंय त्यावरून तो टायर अजून किती दिवसांचा सोबती आहे ते त्याला कळायचं. मग उठून हात पुसायचा आणि म्हणायचा, "या, बसा. पुढचा उजवा बदलून घ्या." त्यावरून त्याला नख्या म्हणायला लागले. खरं नाव त्याच्या बायकोला आठवत असेल, पण ती 'अहो' म्हणते, तेव्हा तेही गेल्यात जमा.

एकदा एका लग्नात त्याने नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची फुलं बाजूला सारून मागच्या टायरला नख लावलं आणि नवरदेवाच्या काकांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की याला टक्कल पडलंय, वरात चालत न्या. काकांना काही ते रुचलं नाही. शुभकार्यात टक्कल कसलं काढता, म्हणाले, आणि काकांच्या डोक्यावरही फारसं काही नव्हतं, त्यामुळे प्रकरण वाढलं. घरी येताना बायको वाटभर त्याच्याशी बोलली नाही. नख्याला मात्र आपलं काय चुकलं ते आजतागायत कळलेलं नाही.

त्याचं काम टायर बसवण्याचं. गावाच्या वरच्या अंगाला, वसाहतीच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली दुकान. जॅक, पाने, हवेचा पंप, आणि ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला पाण्याचा एक पसरट हौद. हौदावर त्याचा दोस्त बसायचा, पंक्चर काढणारा. त्याला सगळे पंप्या म्हणायचे, कारण तोंड सुरू झालं की बंद करायचं बटण सापडत नसे. दोघांचं छान जमायचं. एकाला सतत बोलायचं असे आणि दुसऱ्याला सतत काळजी करायची असे, आणि दोन्ही कामं हात चालू ठेवून करता येतात.

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला नख्या एक गोष्ट हमखास सांगायचा, त्याने विचारलेलं असो वा नसो. "ही नक्षी रस्ता धरायला असते असं वाटतं ना तुम्हाला? नसते. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरसुद्धा घट्ट धरतो. रबर आणि रस्ता, दोघांचं सूत जमलेलं असतं. मधे पाणी आलं की भांडण. ही नक्षी त्या पाण्याला वाट द्यायला असते. मधल्या खाचेतून पाणी घ्यायचं आणि कडेने बाहेर टाकायचं. खाच झिजली, की पाणी जाणार कुठे? ते टायरखालीच मुक्काम करतं. मग गाडी रस्त्यावर नसते, पाण्यावर असते. तुम्ही स्टिअरिंग फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या, तिला काही ऐकू येत नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि साधा टायर बसवून निघून जायचं.

एवढं सगळं ठाऊक असलेला हा माणूस स्वतः गाडी चालवत नसे. शिकला होता. मोकळ्या मैदानावर गोल गोल फेऱ्या मारून झाल्या, शिकवणारा म्हणाला आता रस्त्यावर घे, आणि रस्त्यावर पहिलंच डबकं दिसल्यावर नख्या गाडी थांबवून खाली उतरला आणि चालत घरी आला. शिकवणारा बिचारा गाडीत तसाच बसून होता. लोक हसले. पण ज्याला टायरखाली काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसतं, त्याने वर निवांत बसावं तरी कसं?

आणि अशा माणसाच्या बायकोने काय करावं? तिने शाळेची व्हॅन चालवावी.

त्याचं असं झालं, की वसाहतीतली मुलं खालच्या शाळेत सोडणारे म्हातारे काका आपल्या लेकाकडे राहायला गेले. मुलांना नेणार कोण, यावर आया गेटपाशी डोकं धरून बसल्या होत्या. नख्याची बायको तिथून भाजी घेऊन चालली होती. ती म्हणाली, मी नेते. तिला लग्नाआधीपासून गाडी येत होती, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी तिने घरी सांगितलं तेव्हा नख्याच्या हातातला कप खाली राहिला आणि बशी वर गेली. तेव्हापासून ती मुलांची गाडीमावशी झाली आणि नख्याची झोप उडाली.

शाळेला जायचा रस्ता म्हणजे उतार. वळणं घेत घेत खाली जाणारा, एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा. मधल्या एका वळणावर भिंतीतून पाणी झिरपायचं आणि पाऊस असला की रस्त्यावरून आडवं वाहायचं. त्याला पाण्याचं वळण म्हणत. पावसाचे दिवस आले की नख्या ते वळण डोक्यात घेऊनच फिरायचा. जेवताना मधेच हात थांबायचा. रात्री कुशीवर वळताना विचारायचा, "त्या वळणावर तू गिअर खाली घेतेस ना?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "नाही. तिथे मी डोळे मिटून घेते. झोपा आता."

एकदा मात्र ती त्याला शेजारी बसवून घेऊन गेली होती. मुलं नव्हती, नुसतीच चक्कर. वरच्या गेटपासून त्याचं सुरू झालं. हळू. अगं हळू. कडेने नको, कडेला पाणी असतं. पुढच्याचा दिवा लागला बघ. ब्रेक. अगं ब्रेक. आणि उजवा पाय तळव्याखालचा पत्रा सारखा दाबतोय, जणू तिथे याच्यासाठी वेगळा ब्रेक बसवलाय. अर्ध्या उतारावर तिने व्हॅन कडेला घेतली, दार उघडलं, आणि सांगितलं, "उतरा." तो उतरला. तिथून तो चालत वर आला, चालण्याची त्याला सवय होतीच.

त्या रात्री ती म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यालाच चार खाचा पाडून घ्या. साचलेलं तरी वाहून जाईल." आणि मग, हसणं थांबवून, "हे बघा. तुम्हाला वाटतं ना मी व्हॅन सोडावी? ज्या दिवशी तुम्ही हा उतार वरपासून खालपर्यंत तोंड न उघडता उतराल, त्या दिवशी तुम्ही म्हणाल ते ऐकेन. व्हॅन सोड म्हणालात तर व्हॅन सोडेन. शब्द."

नख्याला तो शब्द फार आवडला. पण अट पुरी करणं त्याच्या हातात नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर त्याच्या तोंडात नव्हतं.

मग त्याने दुसरा मार्ग काढला. व्हॅनचे टायर बदलायचे. तेही साधे नाहीत, बाणाचे. साधा टायर कसाही बसवा, चालतो. बाणाच्या टायरची नक्षी मात्र एकाच दिशेची असते. मधोमध टोक, आणि टोकापासून दोन्ही कडांकडे तिरप्या गेलेल्या खाचा. चाक पुढे फिरताना आधी टोक जमिनीला टेकतं आणि मग कडा, म्हणजे पाणी मधून बाहेर ढकललं जातं. तोच टायर उलटा बसला तर कडा आधी टेकतात आणि पाणी बाहेर जायचं सोडून मधे गोळा होतं. म्हणून टायरच्या अंगावर बाण कोरलेला असतो, चाक कुठल्या दिशेने फिरायला हवं ते सांगणारा. डाव्या चाकाचा टायर डावीकडे, उजव्याचा उजवीकडे.

"मला नकोत असले नखरेवाले टायर," बायको म्हणाली होती. "साधे बसवा, मी चालवते."

"साध्याला पाणी इतकं कापता येत नाही."

"मला कापता येतं."

पण नख्याने ऐकलं नाही. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही.

बाणाचे टायर बसवताना त्याची एक पद्धत होती. चाक चढवलं, की नट आवळायच्या आधी तो बाणावर पंजा ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "बाण पुढे." प्रत्येक चाकाला. मनात म्हटलेलं त्याच्या मनातल्या गर्दीत हरवून जायचं, म्हणून मोठ्याने. पंप्या हौदावरून साथ द्यायचा, "माणूस मागे." रोजचा पांचट विनोद, आणि रोज दोघांना हसू यायचं.

ती सकाळ ढगाळ होती, रात्रभर पाऊस पडून थांबलेला. बायकोने मुलांना घ्यायला जायच्या आधी व्हॅन दुकानात आणली आणि नेहमीसारखी पाठमोरी आत घातली, तोंड रस्त्याकडे. नख्याने चारी चाकं उतरवली, नवे टायर रिमवर चढवले, आणि डावीकडची दोन डाव्या भिंतीला, उजवीकडची दोन उजव्या भिंतीला टेकवून ठेवली. तोवर सगळं सुतासारखं सरळ होतं.

मग तो म्हणाला, "आज नाही गेलीस तर?"

बस्स, एवढंच म्हणाला. पण ते वाक्य त्या आठवड्यात किती वेळा झालं होतं ते तिलाच माहीत.

"नाही गेले तर मुलं काय, उडत जातील?" ती म्हणाली. गाडीच्या काचेवरच्या फवाऱ्यासाठी पाणी भरायला ती डाव्या भिंतीच्या नळाकडे गेली होती. नळासमोर एक चाक होतं. तिने ते लोळवत पलीकडे नेलं आणि पाणी भरता भरता बोलत राहिली. "रोज निघताना माझ्या पाठीवर तुमची भीती बसते. मुलांची दप्तरं कमी जड असतील."

"मी काही म्हटलंय का? मी आपलं काळजीने..."

"तुमची काळजी म्हणजे माझ्यावरचा अविश्वासच की. त्याला गोड नाव दिलंय एवढंच."

हे त्याला लागलं. तो चाकं उचलून चढवत होता, नट आवळत होता आणि उत्तर देत होता, आणि उत्तराला तिचं प्रत्युत्तर येत होतं. पंप्यानेसुद्धा त्या दिवशी ट्यूबमध्ये तोंड खुपसून घेतलं होतं. नवराबायकोच्या भांडणात बोलणाऱ्याचं काय होतं ते त्याला अनुभवाने माहीत होतं. शेवटी ती "उशीर झाला तुमच्यापायी" म्हणून गाडीत बसली आणि तिने व्हॅन काढली. हौदाच्या सांडलेल्या पाण्यातून चाकं गेली, छपराखालच्या कोरड्या सिमेंटवरून गेली, आणि व्हॅन रस्त्याला लागली. 'जपून जा' हे त्याच्या तोंडात आलेलं तोंडातच राहिलं.

तो पाने गोळा करायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

सिमेंटवर ओल्या चाकांचे ठसे उमटले होते. पुढच्या चाकांच्या ठशांवरून मागची चाकं जातात, त्यामुळे वर दिसत होते ते मागच्या चाकांचे. बाण नीट बसला असेल तर ठशातल्या खाचा गाडी गेली त्या दिशेला उघडलेल्या दिसतात, कोणाला या म्हणून हात पसरावेत तशा. हे हात रस्त्याकडे पसरलेले हवे होते. ते दुकानाकडे पसरले होते. डावीकडचे आणि उजवीकडचेही.

नख्याने डोळे चोळले. पुन्हा बघितलं. मग त्याला आठवलं, भांडणाच्या भरात चाकांचं काय झालं ते. नळासमोरचं चाक तिने उजव्या भिंतीला नेलं. तिथे झाली तीन आणि इथे राहिलं एक. संसारी बाई, तिला ते तसं बघवेना. तिने तिकडचं एक उचलून इकडे आणून ठेवलं. दोन इकडे, दोन तिकडे. दिसायला अगदी ठाकठीक. आणि त्याने जी मोठ्याने म्हणायची ती दोन शब्दांची पोथी आज म्हटलीच नव्हती. तोंड रिकामं होतं कुठे?

"काय झालं?" पंप्याने विचारलं.

"मागचे बाण उलटे बसलेत."

पंप्या ठशांकडे बघून म्हणाला, "मग काय एवढं. कोरड्यात काही होत नाही."

तेवढ्यात पत्र्यावर ताडताड थेंब वाजायला लागले. पंप्याने हातातली ट्यूब हौदात सोडली.

नख्याने फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच. चाक फिरत असताना फोनला हात लावायचा नाही, फोन डब्यात, डबा मागच्या खणात, हा नियम कोणी केला? यानेच. तीन दिवस डोकं खाऊन करून घेतला होता. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी समजलं. मागची चाकं होती म्हणून तर जास्त. पुढची चाकं पाण्यावर चढली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मागची चढली, आणि त्यात कोणी ब्रेक दाबला, तर गाडीचं बूड फिरतं आणि तोंड जिकडून आली तिकडे होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा. हळू चालवली तर काही होणार नाही, हेही त्याला माहीत होतं. पण आज ती हळू चालवेल का? आज तिला उशीर झाला होता, आणि तो उशीर त्याने केला होता.

"गाडी काढ," तो पंप्याला म्हणाला.

पंप्याची मोटरसायकल, मागे नख्या. वसाहतीत मुलं घ्यायला ती चार ठिकाणी थांबायची, तेवढाच आधार. पहिल्या गेटवर व्हॅन नव्हती. दुसऱ्यावरही नव्हती. एक आई छत्री मिटत होती, तिने हाताने पुढे दाखवलं. पाऊस तोंडावर येत होता आणि नख्याला रस्त्यावरचं प्रत्येक डबकं दिसत होतं, कुठलं उथळ, कुठलं खोल, कुठलं नुसतं चकाकतंय. शेवटच्या गेटवर पोचले तेव्हा व्हॅनचं लाल बूड उताराच्या तोंडाशी खाली वळत होतं.

पंप्याने वेग वाढवला. पहिल्या वळणानंतर ते तिच्या मागे होते. पंप्याचा अंगठा हॉर्नवर गेला.

"नको," नख्या म्हणाला.

"अरे थांबवायचं ना तिला?"

"हॉर्न नको मारू. पुढेही जाऊ नकोस. मागेच राहा, लांब."

पंप्याला कळेना. नख्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जीव कासावीस होत होता. मागून हॉर्न ऐकला, कोणी हात हलवत ओरडत आडवं आलं, तर माणूस काय करतो? दचकतो आणि ब्रेक दाबतो. ओल्या उतारावर, उलट्या बाणांवर, भरलेल्या व्हॅनचा ब्रेक. वाचवायला म्हणून आलेला माणूसच तिला घालवणार होता. आता एकच गोष्ट करायची होती आणि ती म्हणजे काहीही न करणं. आयुष्यभर जे त्याला कधी जमलं नव्हतं ते.

मागच्या काचेतून मुलांनी त्याला ओळखलं. काका, काका, म्हणत असावीत, आवाज येत नव्हता. तोंडं दिसत होती आणि हात हलत होते.  नख्याचा चेहरा पडलेला दिसला तर मुलं मावशीला सांगणार, मावशी मागे बघणार. म्हणून तो हसला. हातही हलवला. एका पोराने जीभ काढून दाखवली, तर यानेही काढून दाखवली. पाठीवर पाऊस आणि जीभ बाहेर. त्याची नजर मात्र खाली होती, मागच्या दोन चाकांवर. मागून बघताना टोकं वर दिसायला हवीत. ती खाली होती, दोन्हीकडची.

मग त्याला हळूहळू एक दिसायला लागलं. व्हॅन घाईत नव्हती. उशीर झाला होता तरी नव्हती. वळण यायच्या कितीतरी आधी तिचा आवाज जड व्हायचा, गिअर खाली यायचा, आणि ब्रेकचे लाल दिवे लागायचेच नाहीत. कडेला पाणी साठलेलं असेल तिथे ती मधे सरायची, सरळ झालं की पुन्हा आपल्या बाजूला. जे जे तो रात्री कुशीवर वळताना सांगत होता ते सगळं ती करत होती, आणि जे त्याला सुचलंही नव्हतं तेही. हे ती रोज करत होती. त्याने ते कधी बघितलं नव्हतं, कारण बघायला आधी गप्प बसावं लागतं.

पाण्याचं वळण आलं. भिंतीतून आलेलं पाणी रस्त्यावरून आडवं धावत होतं. आणि नेमका समोरून एक टेम्पो आला, वळण मोठं घेत, अर्धा तिच्या बाजूला. नख्याने पंप्याचा खांदा इतका घट्ट धरला की पंप्या नंतर आठवडाभर तो वळ दाखवत होता. त्याच्या तोंडात 'ब्रेक' आला. 'नको' पण आला. दोन्ही त्याने दातांखाली धरले.

व्हॅनचे लाल दिवे लागले नाहीत. आवाज आणखी उतरला. ती कठड्याकडे सरली, पाण्यात शिरली, आणि तिचं बूड बाजूला गेलं. फार नाही, वीतभर. पण नख्याला ते दिसलं आणि त्या वीतभरात त्याचा सगळा संसार होता. ती ब्रेकवर गेली नाही. स्टिअरिंगला हिसका दिला नाही. बूड गेलं त्या बाजूला पुढची चाकं जरा वळली, इतकी अलगद की दुसऱ्या कोणाला ते कळलंही नसतं, आणि व्हॅन पुन्हा सरळ झाली. टेम्पो निघून गेला. मुलं अजून हात हलवत होती.

शाळेच्या गेटपाशी मुलं उतरली, दप्तरं उतरली, एकाची बाटली आत राहिली होती तीही उतरली. मग ती छत्री न उघडताच त्याच्याकडे चालत आली. चेहरा असा की पंप्याला एकाएकी मोटरसायकलची साखळी तपासावीशी वाटली.

"पहिल्या वळणावर आरशात दिसलात," ती म्हणाली. "म्हटलं, आता पाळतसुद्धा ठेवायला लागले."

नख्या व्हॅनच्या मागच्या चाकांकडे बघत होता. 

"आणि तुमच्या त्या नव्या टायरांनी पाण्यात गाडीचं बूड सरकवलं. जुने कधी असे वागले नाहीत."

"बाण उलटे बसलेत," तो म्हणाला. "मागचे दोन्ही."

ती चाकापाशी गेली आणि वाकून बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. "दोन इकडे, दोन तिकडे," ती हळू म्हणाली. "मी लोळवली होती."

"नट मी आवळले."

पाऊस दोघांच्या अंगावर पडत होता. ती पुन्हा उभी राहिली आणि त्याच्याकडे बघायला लागली, आणि या वेळी तिचा राग कुठेतरी अडखळला.

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं. वरपासून."

"हो."

"आणि तुम्ही हॉर्न मारला नाहीत. ओरडला नाहीत."

"मारला असता तर दचकली असतीस."

"पाण्याच्या वळणावर पण?"

"तिथे तर..." तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. तोंडावर पाणी होतंच, त्यामुळे बाकीचं झाकलं गेलं.

 मग तिने ओढणीने तोंड पुसलं. "उतार वरपासून खालपर्यंत मला काही सांगायला तोंड न उघडता उतरलात," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता. आता सांगा. व्हॅन सोडू?"

हे तो विसरलाच होता. इतके दिवस ज्या शब्दाकडे डोळे लावून बसला होता तो असा भर पावसात त्याच्या हातात येऊन पडला होता. तिने विचारलं होतं आणि ती खरंच सोडणार होती, तिच्या तोंडावरून कळत होतं. पंप्याचं साखळीवरचं बोटही थांबलं.

"मला भीती वाटते," नख्या म्हणाला. "रोज वाटते. ती काही जाणार नाही, उद्याही वाटेल. पण व्हॅन सोडू नकोस."

"नक्की?"

"त्या वळणावर तू जे केलंस ते मला शंभर वेळा सांगूनही करवून घेता आलं नसतं. स्टेपनी काढ आता. चाकं बदलूया."

मग गेटजवळच्या छपराखाली त्यांनी ते काम केलं. पुढच्या चाकांना दगड लावले, डाव्या बाजूला तात्पुरती स्टेपनी चढवली, डावं उजवीकडे नेलं, उजवं डावीकडे आणलं. जॅक त्याने फिरवला, चाकं तिने लोळवली, आणि पंप्याने दोघांना सल्ले दिले. चाक चढल्यावर नख्याने बाणावर पंजा ठेवला. तो तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "बाण पुढे." पंप्याने त्या दिवशी आपली ओळ म्हटली नाही.

वर दुसऱ्या फेरीची लहान मुलं थांबली होती. पंप्याने विचारलं, "चल, बसतोस मागे?" नख्याने नाही म्हणून मान हलवली, व्हॅनला वळसा घातला, आणि बायकोच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसला.  पट्टा लावा, एवढंच ती म्हणाली.

चढ सुरू झाला. तो खिडकीबाहेर बघत होता. कडेला साठलेलं पाणी दिसत होतं, ते तिलाही दिसत असणार असं तो स्वतःला सांगत होता. पाण्याच्या वळणावर पाणी तसंच आडवं वाहत होतं, आणि तिथे पोचता पोचता त्याचा उजवा पाय आपोआप खाली गेला आणि तळव्याने पत्रा दाबला.

तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"तिथे ब्रेक नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे," नख्या म्हणाला, आणि पाय मागे घेतला.